पाच लिटरचा कॅन

माप म्हणजे माप! या एका गोष्टीत रंगशेठ कुणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांच्या रंगाच्या दुकानातून पाच लिटरचा डबा निघाला, की त्यात पाच लिटर रंग असणारच. त्यामुळे लॅबमधल्या मुलीनं त्यांच्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन देऊन, "काका, चोवीस तासांची लघवी यात गोळा करायची," असं म्हटल्यावर पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.

"अगं, डब्यांचं मला सांगतेस?" म्हणत ते कॅन बगलेत मारून घरी आले.

कारण होतं गुडघा. शिडी चढायची चोरी झाली होती. गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचा रंग मागितला, की शेठ खुशाल 'संपला' म्हणून सांगत. ऑपरेशन करायला डॉक्टरीणबाई तयार होत्या. पण शेठनी वर्षानुवर्षं वेदनेच्या गोळ्या चण्यांसारख्या खाल्लेल्या! "आधी मूत्रपिंडं धड आहेत का ते पाहू. मगच गुडघा," त्यांनी बजावलं होतं.

दुपार झाली तरी कॅनचा नुसता तळ झाकला होता. शेठ पाणी प्यायले, येरझाऱ्या घातल्या, नळ सोडून त्याच्याकडे एकटक बघत बसले. छे!

तेवढ्यात मेहुणा टपकला. आडदांड गडी, आजार कशाशी खातात ते ठाऊक नाही.

"दाजी, चेहरा का पडलाय?"

शेठनी कॅन दाखवला.

"एवढंच? अहो, नापास होणार तुम्ही!"

"मग काय करू रे? गुडघा गेला माझा!"

"मी काय मेलोय?" मेहुण्यानं छाती फुगवली, तांब्याभर पाणी घटाघट रिचवलं आणि कॅन घेऊन आत गेला. संध्याकाळपर्यंत त्यानं अशा चार फेऱ्या केल्या. शेठ आडवे होऊन घोरत होते तेव्हासुद्धा!

सकाळी पाहतात तर कॅन गळ्यापर्यंत आलेला. 'मेहुणा असावा तर असा!' शेठ मनात म्हणाले. लॅबमध्ये रक्त दिलं आणि कॅन टेबलावर असा ठेवला, जणू जिंकलेला चषकच.

दोन दिवसांनी शेठ आणि शेठाणी डॉक्टरीणबाईंसमोर बसले. बाईंनी रिपोर्ट उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला.

"काका, मूत्रपिंड रक्तातला कचरा किती वेगानं गाळतं, ते यात कळतं. तुमचा आकडा दोन-अडीच माणसांचा आलाय!"

"लहानपणापासून कष्टाची सवय," शेठ विनयानं म्हणाले.

"पण लघवीत साखर आहे, आणि रक्तातली साखर अगदी बरोबर. हे काही ठीक दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तोवर ऑपरेशन रद्द."

रद्द! शेठच्या डोळ्यांपुढे शिडी गरगरली. मान गेला तरी चालेल, पण गुडघा वाचला पाहिजे!

"बाई, एक सांगायचं राहिलं. कॅन भरत नव्हता म्हणून मेहुण्यानं... थोडा हातभार लावला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "कॅन भरायचा नसतो हो काका! जेवढी होईल तेवढीच आणायची. पाच लिटर झाली असती, तर तोच एक आजार!"

"मग एवढा मोठा देता कशाला?" शेठ पुटपुटले. पण लगेच खुलले. "म्हणजे साखर मेहुण्याची! आज ना उद्या निघणारच होती. खातो किती बघा ना!"

"माझ्या भावाला उगाच बोल लावू नका हं!" शेठाणी उसळली. "त्याची कशावरून? माझी असेल!"

"तुझी?"

"मग काय करणार?" शेठाणीनं पदराचं टोक चाळवलं. "रिकाम्या कॅनकडे बघून तुम्ही असे केविलवाणे दिसत होतात. मला नाही बघवलं. तुम्ही झोपलात की मी पण... दोन-तीनदा."

शेठना एकदम भडभडून आलं. संसारात एवढा त्याग त्यांच्यासाठी कुणी केला नव्हता. तिचा हात धरावा, काहीतरी गोड बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण ती साखर आठवली आणि ते जागीच थबकले.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. "लॅब? या काकांसाठी नवा कॅन काढून ठेवा. आणि काकूंच्या न् त्यांच्या भावाच्या रक्तातली साखर तपासायची आहे... एक मिनिट हं."

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि शेठकडे वळून अगदी शांतपणे विचारलं,

"घरी आणखी कोण कोण असतं, काका?"