इंदुमतीबाईंच्या ध्वनिफितीची व दोन स्पीकरांची हकीकत

श्रीगजानन व कुलस्वामिनी यांचे स्मरण करून, जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी एका लहान राज्यात हे वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. दालने तीन, सज्जा एक, आणि माणसे म्हणावी तर धनी राजश्री भार्गवराव निगुडकर व त्यांचे कुटुंब सौभाग्यवती इंदुमतीबाई, ऐसी दोनच. कन्या विशाखा सासरी, दूर मुलुखी. भार्गवराव पाटबंधारे खात्याची चाकरी संपवून घरी बसले, आणि हात रिकामे जाहले तैसे मन जड जाहले. कारण मनात एक शल्य होते.

चौतीस वर्षांमागे, प्रमोद नाम संवत्सरी, इंदुमतीबाई उत्तम गात असत. गळा ऐसा की शेजारणी हातचे काम टाकून दारात उभ्या राहत. बाईंनी नभोवाणीकडे अर्ज केला, आणि गायनाच्या परीक्षेस यावे म्हणून पत्र आले, ते भार्गवरावांच्या हाती पडले. मातुश्रींचे म्हणणे, घरची सून चारचौघांत गाणार तर आम्ही तोंड कोठे दाखवावे. आणि खुद्द भार्गवरावांच्या पोटात भय, की ही नावारूपास आली तर आपण कोण. मग त्यांनी पत्र फाडिले आणि तुकडे बंबात घातले, आणि वडील बंधूखेरीज कोणास सांगितले नाही. बाई रोज टपालवाल्याची वाट पाहत असत, त्या एके दिवसापासून पाहीनाशा जाहल्या, आणि गाणेही सुटले. का सुटले हे यांनी पुसले नाही, त्यांनी सांगितले नाही.

मागे राहिली एक ध्वनिफीत. ती बाईंनी त्याच दिवसांत, दुपारी एकट्या बसून, घरच्या टेपरेकॉर्डरवर भरिली होती. त्यात भीमपलास रंगात येऊन मध्येच तुटे. भार्गवराव समजत, फीत बिघडली. आता त्यांनी मनाशी मसलत केली, की पत्र तर परत देता येत नाही, निदान हिचा गळा हिला होता तैसा ऐकवावा, आणि अपराध न सांगताच काही फिटला तर फिटावा. म्हणून उत्तम स्पीकर आणविण्याचे ठरले, आणि वसईहून अंतोन डिसिल्वा नामे जाणते गृहस्थ बोलाविले.

अंतोन तीन जोड्या घेऊन दाखल जाहले. पहिली जोडी वाजविली, ती खर्जात ऐसी घुमली की तबला म्हणजे पिंप बडविल्यासारखा. दुसरी गोड, परंतु सगळ्यांस सारखीच गोड. तिसरी जोडी साधी, लाकडी. तीवर सतार लाविली तो वादकाचे नख तारेस लागलेले कळले. अंतोन बोलिले, "साहेब, ही जोडी घेताना विचार करा. ही काही लपवत नाही. रेकॉर्डिंग वाईट असेल तर वाईटच ऐकवते." भार्गवराव बोलिले, "आम्हांला खरं तेच ऐकायचंय." मग तीच ठेविली. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे आणिले, आणि कानाच्या उंचीवर चौरंगांवर ठेविले, आणि दोहोंत जितके अंतर तितक्याच अंतरावर खुर्ची मांडिली, आणि स्पीकरांची तोंडे किंचित खुर्चीकडे वळविली, आणि आवाज घुमू नये म्हणून खाली सतरंजी, उघड्या भिंतीस जाड पडदा, ऐसा दोन दिवस बंदोबस्त जाहला.

तिसरे दिवशी, दुपारी, भार्गवरावांनी बाईंस हाती धरून खुर्चीवर बसविले. फितीची डबी पाहताच बाईंचा चेहरा उतरला. त्या बोलिल्या, "अहो, ती नका लावू. दुसरं काहीही लावा." भार्गवराव समजले, संकोच आहे. मग फीत लाविली, आणि दोन स्पीकरांच्या मध्ये, जेथे काहीच नव्हते तेथे, तिशीतल्या इंदुमतीबाई बसून गाऊ लागल्या. श्वास घेतला तो कळे, तंबोऱ्यावर बोट फिरे ते कळे. भार्गवरावांचे डोळे भरले. इतक्यात गाण्याच्या मागून, डावे अंगास, दूर, दार लोटल्याचा आवाज आला, आणि एक पुरुष हलके बोलिला, "आलं होतं रे दादा पत्र. मी फाडून टाकलं. हिला कळता कामा नये." आवाज त्यांचा स्वतःचा होता. आणि तेथेच तान तुटली. मग कोणी एकदा श्वास घेतला, आणि टेपचे बटण दाबल्याचा खटका जाहला. जुन्या लहान यंत्रावर हे कधी ऐकू आले नव्हते.

भार्गवरावांनी यंत्र बंद केले. मग बोलिले, "तुला ठाऊक होतं."

"त्याच दुपारी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून पत्र जुळलं असतं का? वाटायचं, कधीतरी तुम्ही आपणहून सांगाल. दहा वर्षं वाट पाहिली."

"आणि नंतर?"

"नंतर विशाखाची दहावी आली, सासूबाईंचं आजारपण आलं. राहून गेलं."

भार्गवरावांनी क्षमेचे बोल जुळवून पाहिले, परंतु जे बोलावे ते हलके वाटे. शेवटी बोलिले, "आता गाशील?" बाई बोलिल्या, "आता गळा कुठे राहिलाय." आणि उठून चहाचे आधण ठेविले, आणि दोन कप भरून आणिले. यांनी स्पीकर परत पाठवू म्हणता त्या बोलिल्या, "राहू देत. दुसऱ्यांची गाणी ऐकेन मी."

त्या रविवारी कन्येचा फोन आला, तेव्हा भार्गवरावांनी बाईंच्या देखत तिला सर्व सांगितले, काही वगळिले नाही. विशाखाने शेवटपर्यंत ऐकिले. मग म्हणाली, "बाबा, फोन आईला द्या." यांनी दिला, आणि सज्ज्यात जाऊन उभे राहिले.

सारांश, राज्य कायम आहे. तंटा नाही, अबोला नाही. उभयतां वेळेवर जेवितात, औषधे एकमेकांस आठवून देतात. कन्येचा फोन दर रविवारी येतो आणि आईस येतो. भार्गवरावांची खुशाली ती आईसच पुसते. इति लेखनसीमा.