साखरेचा पाहुणचार

एका जंगलात एक ससा होता. त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका, बाळांनो. आपली गोष्ट त्याच्या मांडीतल्या एका पेशीची आहे.

या पेशीचे कारभारी होते केंद्रकराव. मधोमध बसायचं आणि हुकूम सोडायचे, हे त्यांचं काम. भट्टी सांभाळायच्या त्या तंतुकाकू. रक्तातून साखर आली की दारातच तिला थोडी ऊर्जा भरवायची रीत होती. मग ती फुटून तिचे दोन तुकडे होत. काकू ते तुकडे भट्टीत हवा घालून मंद आचेवर जाळत आणि दिली त्याच्या कितीतरी पट ऊर्जा निघे.

एकदा रावांनी हा पाहुणचार पाहिला आणि त्यांचं पित्त खवळलं.

"काकू, जिच्याकडून ऊर्जा घ्यायची, तिलाच आधी द्यायची? ही कुठली उलटी गंगा?"

"अहो राव, विरजण घातल्याशिवाय दही लागतं का?"

"विरजण बंद!"

हा हुकूम शेजारच्या पेशींना इतका आवडला की साऱ्या मांडीभर पाहुणचार बंद झाला. वाचलेली ऊर्जा बघून राव हरखले. पण ससा चार पावलं इकडेतिकडे फिरला आणि तीही संपत आली. दारात साखरेचा ढीग साचला, आत भट्टी थंड पडली.

नेमका तेव्हाच झुडपातून कोल्हा निघाला.

सशाने उडी मारायला पाहिलं. पाय हलेना! आता चिमूटभर ऊर्जा उरली होती.

"काकू, ती पायाला द्या! लवकर!"

"देते. एक उडी होईल. दुसऱ्या उडीला काय देऊ?"

कोल्ह्याचा गरम श्वास मांडीला लागला. रावांनी शेवटची चिमूट साखरेला भरवली. त्यांचं बघून शेजाऱ्यांनीही भरवली. साखर फुटली. भट्टी पेटली. ससा असा सुटला की कोल्ह्याच्या तोंडात नुसती धूळ!

संध्याकाळी रावांचा सत्कार झाला. राव गहिवरून म्हणाले, "ऐनवेळी साखरेला भरवायला चिमूटभर तरी ऊर्जा होती, ती कशामुळे? आमच्या काटकसरीमुळे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणचारबंदी कायम ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. काकूंनी मुकाट्याने भट्टी विझवली.

झुडपात कोल्हा अजून उपाशीच होता.

तात्पर्य : जिवावर बेतलं की आपलाच हुकूम आपण मोडावा. जीव वाचला की तोच पुन्हा काढावा, नाहीतर लोकांनी सत्कार करायचा तरी कशाबद्दल?