बाजार उठताना भरायची फी

महागावच्या बाजारात आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं धावजी छातीठोक सांगायचा! कापूस विकायला नेला की काट्यावर आधी स्वतः उभा राहायचा, काटा खरं बोलतो का ते बघायचा आणि मगच गाठोडं ठेवायचा.

त्याची लेक बबिता वकिलीची प्रवेश परीक्षा पास झाली आणि या संशयाला नवे धुमारे फुटले.

"परीक्षेचे पैसे देले नं? आता हे कायचे?"

"ते परीक्षेचे होते, बा. हे कॉलेजच्या अर्जाचे."

"अन् कॉलेज नाई भेटलं, त वापस?"

"नाई."

"पाय! माल नाई अन् पैसे नगदी! गोलमाल हाय हे!"

धावजीने ठरवलं, फी भरायची ती शेवटच्या दिवशी, दिवस कलल्यावर. बाजार उठताना वांगी निम्म्या भावात मिळतात, मग अर्ज का नाही मिळणार? बबिताने कपाळाला हात लावला आणि फोन हातात घेतला. धावजीला वाटलं, पटलं पोरीला!

शेवटच्या संध्याकाळी निकालाचा कागद खिशात घालून तो नेमसिंगच्या नेट कॅफेत पोचला.

"काका, लवकर करा. साइट बंद होऊन राह्यली."

"घाई करतं म्हणजे तुहं कमिशन असन! सांग, शेवटचं किती?"

"फी तेवढीच हाय, काका!"

"मंग मी चाललो."

आणि तो खरंच निघाला! बाजारात असं निघालं की मागून हाक येतेच. धावजी रमतगमत चालला. खडा नसताना चप्पल झटकली. हाक काही येईना! शेवटी तोच मागे फिरला.

"बंद झाली साइट," नेमसिंग म्हणाला.

धावजी तडक घराकडे निघाला. पोरीची वकिली आपण वांग्याच्या भावात घालवली! तांड्यावर पोचेपर्यंत त्याला फक्त रडायचं बाकी होतं.

"बबिता, माहं चुकलं वं. अर्ज राह्यला."

"मी पयल्याच दिवशी भरला, बा. फोनवरून."

धावजीचा जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरी शंका उभी राहिली.

"पैसे कुठचे?"

"तुरीच्या कणगीत डबा हाय नं, त्यातले."

तो डबा आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी धावजीची खात्री होती.

"चोरी! माह्याच घरात चोरी!"

"हळू बोला. याडीनं लुगडं मांगितलं तवा घरात फुटकी कवडी नाई, असं तुमीच सांगतलं नं?"

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या याडीचा, म्हणजे बबिताच्या आईचा, जमनीचा आवाज आला, "कोणता डबा वं, बबिता?"

धावजी लेकीजवळ सरकला आणि कुजबुजला, "माही केस घेशीन का?"

"घेतो. पण फी आधी, बा. अन् वापस नाई भेटत."