धरणाखालच्या बेचाळीस गावांच्या हाका किती, याच्या अदमासाची हकीकत

श्री. दूरची हाक जो जवळ आणितो त्या देवास नमन करोन, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी जे वर्तले ते लिहितो ऐसीजे. राज्यात एक थोर धरण, आणि त्याखाली बेचाळीस गावे. दरवाजे उघडता रयतेने कोठे जावे हे सांगावयास इंटरनेटवरून चालणारे कॉल सेंटर उभारावे ऐसी आज्ञा जाहली, आणि त्यास सर्व्हर किती बळाचा लागेल याचा अदमास चांगुणाबाई फडतरे यांजकडे सोपविला. बाई मितभाषी, कामास चोख. मग दिवाण गुणवंतराव बोलिले, "दिवसास फोन बाराशे, म्हणजे तासी पन्नास. एकेक चार मिनिटांचा. एका वेळी चौघे बोलतील. लहानसे यंत्र पुरे!" बाई म्हणाल्या, "दिवाणसाहेब, पाणी सुटल्यावर माणसे चोवीस तास वाटून घेत नाहीत. एका तासात सहाशे येतील." आणि जुन्या कचेरीत चार दिवस बसोन त्यांनी गतसालच्या फोनांची ध्वनिमुद्रणे ऐकिली, तो एकेक बोलणे दहा मिनिटे चालिले होते. मग त्यांनी लिहिले, एका वेळी शंभर बोलणी पेलावी, आणि ऐसी यंत्रे दोन असावी. एक बंद पडले तर दुसऱ्याने सारा भार घ्यावा.

दिवाण संतापले. "दहा मिनिटे कशास? चार होताच तोडावा!" बाईंनी त्यांच्या कानी हेडफोन लाविला. आत एक म्हातारी बोलत होती, "बाई, फोन ठेवू नगंस. म्हशीची साखळी सोडते, मग सांग कुठं जाऊ." मग धाप, साखळीचा आवाज, बराच वेळ काही नाही, आणि मग, "हं, सांग." दिवाणांनी हेडफोन उतरविला, आणि दोन यंत्रांच्या कागदावर सही केली.

मग श्रावण वद्य पंचमीस सकाळी दरवाजे उघडिले, आणि शंभर जणी फोनवर बसल्या, आणि एका तासात फोन आले सातशे ऐंशी. मध्येच एक यंत्र बंद पडले, आवाज क्षणभर अडखळला, परंतु दुसऱ्याने भार घेतला. तरी शंभरांपलीकडचे ताटकळले, आणि बावीस जणांनी कंटाळोन फोन ठेविला. बाई म्हणाल्या, "माझा अदमास चुकला," आणि स्वतः एकेकास फोन लावू लागल्या. एकवीस भेटले. बाविसावा वाजत राहिला. बाईंनी पाणी घेतले नाही, जागा सोडिली नाही, फिरफिरोन लाविला. दोन प्रहरी एक गृहस्थ बोलिले, "शाळेच्या गच्चीवर आहोत, सगळी. शेजाऱ्याचा फोन तुम्हांला लागला, त्यानं आमचं दार वाजवलं." तेव्हा बाईंनी मेजावर डोके टेकिले आणि रडू आवरले नाही.

एवंच, माणूस एक गेले नाही. गुरे नऊ गेली. पुढील साली अदमास दीडशेचा धरिला. घडले तितके लिहिले.