दिनूभावजींची ‘ही’

मी नवी नवरी असताना एका बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले होते. ती बाई जगात नव्हती. म्हणजे वारली होती असं नव्हे. मुळात झालेलीच नव्हती.

यात माझा दोष अर्धाच. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हापासून बघत होते, शेजारचे दिनूभावजी रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसत आणि दर दोन वाक्यांमागे म्हणत, “आमची ही म्हणते...” मी आत भाजी चिरता चिरता कान लावून बसायचे. काय डोक्याची बाई असेल! संक्रांत आली. नाकात नथ, अंगावर काळी चंद्रकळा आणि डोक्यात, सगळं जग फक्त आपल्यालाच कळतं ही हवा. अशी मी कुंकवाचा करंडा आणि तिळाच्या वड्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

“भावजी, वहिनींना संध्याकाळी पाठवा हं.”

ते जराही गडबडले नाहीत. दोन्ही हातांनी वडी घेतली आणि म्हणाले, “सांगतो. पण ती कुठे जात नाही.”

घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, “किती माणूसघाणी बाई आहे हो शेजारची!” सासूबाईंना हसून हसून उचकी लागली. “अगो, कुठली शेजारची? त्याचं लग्न व्हायचंय अजून!”

ते पुढेही कधी झालंच नाही. भावजी शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलांना समुद्र काढायला सांगून स्वतः खिडकीतून समुद्र बघत बसायचे. आधी आई आजारी, मग वय निघून गेलं, मग कुणी विचारीनासं झालं. पण ‘ही’ होतीच. आणि बोलत होती.

“ही म्हणते, नवराबायकोचं भांडण सोलकढीसारखं असावं. केलं की लगेच संपवावं. ठेवलं की नासतं.”

“ही म्हणते, प्रेमात पडलेल्या माणसाला रस्ता विचारू नये. तो सगळे रस्ते एकाच घरावरून सांगतो.”

“ही म्हणते, खरं बोलणाऱ्याला लोक मान देतात, आणि जेवायला दुसऱ्याला बोलावतात.”

आता माझ्या घरची गंमत बघा. माझा नवरा खराखुरा, चांगला हाडामांसाचा, पण दिवसाकाठी जेमतेम चार शब्द बोलणार. त्यांतले दोन ‘चहा’ आणि ‘पेपर’. आणि भावजींची नसलेली बायको रोज असं काही बोलून जाणार! मला तिचा हेवा वाटायला लागला. खोटं कशाला सांगू, एकदा मीही ह्यांना ताट वाढताना एक वाक्य जुळवून म्हटलं, “संसार म्हणजे दोन काठांमधली खाडी आहे.” ह्यांनी वर बघितलं. म्हणाले, “आमटीत मीठ नाहीये का?” त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही.

पण दुपारी खालून खारा वारा यायचा, माडाच्या झावळ्या सळसळायच्या आणि डोळा लागता लागता मला ती दिसायची. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, भावजींच्या विहिरीजवळ, केस मोकळे सोडून उभी. तोंड कधी दिसलं नाही. वाळत घातलेलं धोतर हलावं तशी हलायची आणि विरून जायची. अजूनही दिसते. फक्त आता तिचे केस माझ्यासारखे पांढरे झालेत.

एकदा मी भावजींना सरळ विचारलं, “स्वतःची वाक्यं बायकोच्या नावावर का खपवता?”

“वहिनी, एकट्या माणसानं संसारावर तोंड उघडलं की लोक म्हणतात, तुला काय कळतंय. बायको म्हणते म्हटलं, की कान देतात.” मग गडग्यावर बसून पाय हलवत, समुद्राकडे बघत म्हणाले, “आणि आता सवय झाली. मला काही सुचलं तरी आधी तिला सांगावंसं वाटतं.”

आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं. अलीकडे माझ्या नातीच्या साखरपुड्यात मात्र घोटाळा झाला. भावजी आशीर्वाद द्यायला उठले. “आमची ही म्हणते, लग्नात एकमेकांना ओळखायची घाई करू नये...” तेवढ्यात मुलाकडचे एक मामा मोठ्यानं म्हणाले, “अहो, मग काकूंनाच बोलवा की पुढे! कुठे बसल्यात?”

माझा पुतण्या खिदळला. “मामा, काकू असतील तर येतील! काका ब्रह्मचारी आहेत!”

सगळं घर हसलं. भावजीही हसले. वाक्य मात्र पुरं न करताच बसले.

त्यानंतर ते पडवीत यायचे, पण ‘ही’ येईना. “वारा पडलाय.” “मोहोर बरा आहे यंदा.” बस्स. वाटे, सहज काही विचारावं, पण काय विचारणार? ती बरी आहे ना, असं? चेहराही उतरला होता त्यांचा, घरात खरोखरच कुणी गेल्यासारखा. शेवटी आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “दिनू हल्ली स्वतःचंच बोलतो. ऐकवत नाही.” इतकी वर्षं मी ज्या एका ऐकण्यासारख्या वाक्याची वाट बघत होते, ते हे असं, दुसऱ्याच्या बायकोपायी, ह्यांच्या तोंडून निघालं!

पंधरवड्यात संक्रांत आली. सुना म्हणाल्या, बोलावणी आम्ही मोबाइलवर करतो. म्हटलं, करा. एक मी स्वतः करणार. गुडघे कुरकुरत होते, तरी काळं लुगडं नेसले, नथ शोधून घातली, करंडा आणि वड्या घेतल्या आणि गडग्याला वळसा घालून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“भावजी, वहिनींना संध्याकाळी पाठवा हं.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. करंड्याकडे बघितलं, नथीकडे बघितलं. चेष्टा आहे का, ते शोधत होते बहुतेक. मी आपली गंभीर. तशी गंभीर मी माझ्या लग्नातही नव्हते.

“थांबा हं, विचारून येतो,” म्हणाले आणि आत गेले.

आत मोजून दोन खोल्या. पण त्यांना बराच वेळ लागला. एक खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग नळ वाहिला, बंद झाला. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस नीट विंचरलेले होते. दोन्ही हात पुढे करून वडी घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले,

“येते म्हणाली, वहिनी. पण म्हणते, एवढ्या बायकांत मी एकटी बुजेन, तुम्हीही बरोबर चला. मीही आलो तर चालेल ना?”