चांगुणाला कुणी घाबरेना

पेपरात चौदा वर्षं काढल्यावर माझी एक खात्री झाली होती. कुठलंही काम नीट निरखलं आणि त्याची नोंद केली, की ते दुसऱ्याला शिकवता येतं. संप असो की द्राक्षावरचा भुरी रोग, विषय सांगा आणि संध्याकाळी पाचपर्यंत वेळ द्या. म्हणूनच १९८३च्या डिसेंबरात मी एका सिनेमा दिग्दर्शकाला म्हणालो, की नऊ वर्षांची मुलगी आठ दिवसांत भयंकर करून देतो. ती बढाई नव्हती. निदान मला तरी तशी वाटली नव्हती.

मुंबईचं एक युनिट देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात शूटिंगला येणार अशी बातमी होती, ती घ्यायला मी गेलो होतो. दिग्दर्शक व्हरांड्यात पाय पसरून बसले होते. मुंबईत तीस वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. एका विलायती चित्रपटावरून ते हिंदी चित्रपट करत होते. दिसायला देवदूतासारखं पोर, पण आत सैतान. ते ज्याच्याकडे बघेल तो जिन्यावरून तरी पडतो, नाही तर त्याच्या डोक्यावर झुंबर तरी पडतं.

"पाहिलाय मी," मी म्हणालो. "इथेच, कॅम्पच्या थेटरात. तीनदा."

"तीन बार? इतना डर गये?"

"नाही. पहिल्यांदा करमणूक म्हणून. दुसऱ्यांदा परीक्षण लिहायचं म्हणून. तिसऱ्यांदा एक शंका होती. ते पोर पापण्या लववतं का?"

"फिर?"

"अख्ख्या चित्रपटात चार वेळा. आणि त्या चारही वेळा कुणी मरत नाही."

दिग्दर्शकांनी पाय खाली घेतले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

खरं सांगायचं तर त्या पोराचं मला तेव्हापासून कुतूहल होतं. माझ्या पुढच्या रांगेत कॅम्पातले तोफखान्याचे जवान बसले होते. दिवसभर तोफा डागणारी ही माणसं, पण पडद्यावर ते सहा वर्षांचं पोर नुसतं वळून बघायचं, तेव्हा यांचे पाय खुर्चीवर जायचे. ते पोर करतं तरी काय? काहीच नाही. नुसतं बघतं.

"बंबई में सत्रह बच्चे देखे," दिग्दर्शक म्हणाले. "सब मुँह बनाते हैं. मुझे मुँह नहीं, नज़र चाहिए."

"आमच्या घरात एक आहे," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी घेऊन येतो."

आमच्या घरात म्हणजे माझ्या घरमालकांच्या. मखमलाबादला मोतीरामचा फुलांचा मळा आहे. मळ्याला लागून घर, आणि घराची पुढची खोली माझी. चांगुणा ही मोतीरामची मुलगी. गोल चेहरा, टपोरे डोळे आणि गाल असे, की येणाराजाणारा ते ओढल्याशिवाय पुढे जात नसे. फुलांचे व्यापारी ओढत, शाळेतल्या बाई ओढत. दूधवाला मंगळू तर एका हाताने माप ओतून दुसऱ्या हाताने ओढी. चांगुणाला याचा अतोनात संताप होता. पण मोठ्यांना उलट बोलायचं नाही ही घरची शिस्त, म्हणून ती गाल देऊन उभी राहायची.

मी तिला चित्रपटाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे त्याला सगळे घाबरतात?" तिने विचारलं. "मोठी माणसंपण?"

"मोठीच जास्त."

"आणि त्याचे गाल कुणी ओढत नाही?"

"एकाने ओढला. तो विहिरीत पडला."

चांगुणाने स्वतःचे गाल चाचपले. मग म्हणाली, "काका, मला करायचंय. एकदा तरी कुणीतरी मला घाबरलं पाहिजे."

मोतीरामने फुलांची करंडी बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं. "शाळा बुडता कामा नये," तो म्हणाला. "आन भाऊ, पिच्चर झाल्यावर पोरगी परत चांगली करून द्याल ना?"

मी हमी दिली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. नियम तीन. हसायचं नाही. हनुवटी खाली ठेवून डोळे वर करायचे. आणि पापणी लववायची नाही. चांगुणा हुशार होती. सोमवारी सकाळपर्यंत ती पन्नास अंकांपर्यंत पापणी न लववता बघू शकत होती. मी ओट्यावर वही घेऊन बसलो आणि पहिला प्रयोग मंगळूवर केला.

मंगळूने किटली खाली ठेवली. चांगुणाने हळूहळू मान वळवली आणि त्याच्यावर नजर रोखली. मंगळूचा हात गालाकडे जाता जाता मधेच थांबला. मी वहीत लिहिलं, 'परिणाम सुरू.'

"काय झालं गं बाय तुला?" मंगळू कळवळून म्हणाला. "आजी, पोरीला बरं नाय का? डोळे बघा कसे लागलेत." आणि त्याने तिला मापापेक्षा पेलाभर दूध जास्त घातलं. गाल ओढला तो ओढलाच, फक्त या वेळी हळू.

आजी म्हणजे मोतीरामची आई, साळूबाई. त्या बाहेर आल्या. चांगुणाने तीच नजर आजीवर वळवली. आजीने एकदा पाहिलं आणि निदान केलं. "दिष्ट लागली माझ्या सोनीला."

लगेच मीठ आलं, मोहरी आली, लाल मिरच्या आल्या. आजीने चांगुणावरून मूठ ओवाळली. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, कुनाची लागली आसंल ती जळून जाऊ दे." मूठ अंगणातल्या चुलीत पडली. मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, असं आजी म्हणाल्या. वारा घरापासून कालव्याकडे वाहत होता, याची मी नोंद केली. पण नोंद कुणी विचारत नव्हतं. चांगुणाच्या गालावर काजळाची तीट लागली आणि ती शाळेत गेली.

मंगळवारी शाळेतल्या बाईंनी तिला दुपारीच घरी पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, 'मुलगी एकटक बघते. विश्रांती द्यावी. गोड खाऊ घालावे.' बुधवारी शेजारच्या बायका आल्या. एकीने काळा दोरा आणला, एकीने लिंबू आणलं, एकीने तीन लाडू आणले. चांगुणा प्रत्येकीकडे अगदी नियमाप्रमाणे बघत होती. ती जितकं भयानक बघे, तितकी प्रत्येक जण तिला मांडीवर घेई. वहीतली आकडेवारी अशी होती. ज्यांच्याकडे पाहिलं ते, एकवीस. घाबरले, शून्य. कळवळले, एकवीस.

"काका, कुणीच घाबरत नाही," बुधवारी संध्याकाळी ती रडवेली झाली. तोंडात लाडू होता.

"सराव वाढवू," मी म्हणालो. तेव्हापासून मी रोज तिच्यासमोर बसू लागलो. ती माझ्याकडे बघणार, मी तिच्याकडे. मीही पापणी लववत नव्हतो, कारण लवली तर तिची कधी लवली हे कळणार कसं?

इकडे आजीचं दृष्ट काढणं रोज चालूच होतं. गुरुवारी मला त्यात एक वाढीव शब्द ऐकू आला. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, फुडल्या खोलीतल्याची." मी तो वहीत उतरवून घेतला. पाठभेद म्हणून.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही कॅम्पात पोचलो. चांगुणा, मोतीराम, मी आणि पोरीला एकटी सोडणार नाही म्हणून आलेल्या आजी. चांगुणाच्या गालावरची तीट मेकअपवालीने पुसली. आजीने ती परत लावली. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा शूटिंग बघायला आलेल्या जवानांच्या बायकांनीही मेकअपवालीला सुनावलं.

प्रसंग साधा होता. घरातली म्हातारी मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येते, पोर वळून बघतं, मोलकरीण घाबरते, ट्रे पडतो. मोलकरणीचं काम करणारी बाई तीस वर्षं सिनेमात होती. किंचाळण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, असं मला सांगण्यात आलं.

चांगुणाने मान वळवली. मी शिकवलं त्याहून सरस. माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईने ट्रे व्यवस्थित टेबलावर ठेवला आणि चांगुणाला जवळ घेतलं.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. "आपको डरना है."

दुसऱ्या वेळी तिने आधी चांगुणाचा मुका घेतला आणि मग डोळे पुसले. "साहब, मुझसे नहीं होगा. बच्ची को किसी की नज़र लगी है. इससे क्या डरना?"

"बच्ची की नज़र तुमको लगनी है."

"बच्चे की नज़र कभी लगती है? बच्चे को लगती है."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. दिग्दर्शकांनी कॅमेरामनकडे पाहिलं, तोही मान डोलावत होता. आमच्या मुलखातल्या पोराची नजर वाकडी झाली, तर तो त्या पोराचा दोष नसतो, कुणा मोठ्या माणसाचा असतो. जवानांचे पाय मग खुर्चीवर कसे गेले? कारण ते पोर विलायतेचं होतं. त्याची दृष्ट काढायला तिकडे कुणी नव्हतं.

दिग्दर्शकांनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांनी हळूच विचारलं, "तो इसको नज़र लगी किसकी?"

आजी जणू आठवडाभर याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "माझ्या तोंडून कशाला वदवता?" त्या म्हणाल्या. "आठ दिस झाले, पोरीसमोर बसून टकामका कोन बघतंय? पापनी हालत नाय. आन वर लिवून ठेवतंय."

सगळे वळले. मी त्या वेळी चांगुणासमोर बसलो होतो. हनुवटी खाली, डोळे वर, पापणी स्थिर, हातात पेन्सिल. खरं म्हणजे मी तिची पापणी मोजत होतो. एका बाईने कडेवरचं मूल पदराखाली घेतलं. मोलकरणीच्या हातातून नुकताच परत उचललेला ट्रे सुटला आणि तिने अशी किंकाळी फोडली, की बंगल्यामागची कबुतरं उडाली.

"यही," दिग्दर्शक उठून उभे राहिले. "यही चाहिए था."

चित्रपटाची गोष्ट तिथेच, व्हरांड्यात बदलली. पोर सैतान नाही. पोर बिचारं आहे. सैतान त्यांचा भाडेकरू. भाडेकरूसाठी मुंबईहून एक नट आला. दोन दिवस माझ्या खोलीत राहून त्याने माझा अभ्यास केला आणि जाताना लांबूनच हात जोडले. चांगुणाला भूमिका मिळाली. तिने दिग्दर्शकांना एकच विचारलं, "मग मला कोण घाबरणार?"

"कोई नहीं, बेटी. सब प्यार करेंगे."

तिचा चेहरा पडला तो पडलाच. चित्रपट पंच्याऐंशीत नाशकात लागला. त्यात चांगुणाचे गाल अकरा वेळा ओढले जातात. बाहेर तर मोजदादच राहिली नाही, कारण आता पडद्यावर पाहिलेले गाल ओढायला लोक नांदगावहून येऊ लागले.

मला मात्र रस्ता मोकळा झाला. मखमलाबाद नाक्यावर मी दिसलो की बायका लेकरांना पाठीशी घेत. मंगळू दूध फाटकाबाहेर ठेवून जाई. मी एकदा ते घ्यायला जरा लवकर बाहेर आलो, तर तो सायकल टाकून पळाला.

चांगुणा ओट्यावरून हे सगळं बघत होती. ती आता अकरा वर्षांची होती. मी दूध घेऊन ओट्यावर परत आलो, तशी ती उठून माझ्यासमोर आली.

"काका, तुम्ही नेमकं काय करता हो?"

"कशाचं?"

"मी आठ दिवस पापण्या लववल्या नाहीत तर मला लाडू मिळाले. तुम्ही नुसतं भांडं घेऊन बाहेर येता, तर मंगळूदादा पळतो. मला शिकवा."

"अगं, मी काहीच करत नाही."

"खोटं."

"खरंच, चांगुणा. मलाही माहीत नाही."

तिने हनुवटी खाली घेतली आणि डोळे वर केले. यात शिकवलेलं काही नव्हतं. दोन वर्षांचे सगळे गाल त्या नजरेत होते. मी दोन पावलं मागे सरलो आणि दूध सांडलं.

चांगुणाने सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मी तिला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच ती अगदी मनापासून हसली.

पाय घसरला, असं मी तिला सांगितलं. दूध सांडेपर्यंत ओटा कोरडा होता.