पायपेटीचा पहारेकरी

डोंगरकडा गावच्या नरहरीकाकांना चहाला बोलावलं, तर ते आधी विचारतात, "काहून?" उत्तर पटलं तरच चपला घालतात. प्रसादाचा पेढासुद्धा हुंगून खातात.

त्यांच्या घरी एक फार जुनी पायपेटी आहे. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि हातांनी वाजवायची. वडिलांच्या माघारी तिच्यावरून काकांचं धाकट्या भावाशी, गोविंदाशी बिनसलं. तो जवळा बाजार या गावी निघून गेला, बोलणं बंद झालं. तेव्हापासून पेटीकडे नुसतं पाहिलं तरी काकांच्या लेखी तो माणूस गोविंदाचा हेर. मी शेजारी, पण मीही सुटलो नाही.

अशा घरी मी माझ्या आतेबहिणीला घेऊन गेलो, म्हणजे माझंच डोकं फिरलं होतं. मीनल जुन्या वाद्यांचा एकेक सूर टिपून घेते आणि तेच वाद्य कॉम्प्युटरवर तयार करते.

"गोविंदानं धाडलं का?" काकांनी दारातच विचारलं. मी देवाची शपथ घेतली.

"शपथ तर त्योबी घेतो."

शेवटी पेटी घराबाहेर जाणार नाही, या अटीवर काम सुरू झालं. मीनल एक सूर टिपायची, की काका लगेच ती पट्टी दाबून बघायचे. "हाय अजून," म्हणायचे आणि मागे सरकायचे. मीनलनं तोच सूर पुन्हा मागितला, तेव्हा मात्र ते उखडले.

"एक बार घेतला न! आता पुन्हा काहून घेऊन राहिली?"

"हळू आणि जोरात, दोन्ही लागतात काका. मग कीबोर्ड जोडून कोणीही वाजवू शकतं."

"अन् भाता कोन मारीन?"

"लागतच नाही. पायांचं कामच नाही."

त्यानंतर त्यांनी एकही पट्टी तपासली नाही. मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

निघताना त्यांनी मला अंगणात गाठलं. "गोविंदाचे पाय गेले म्हनतात. गाडीवरून पडला. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मंग हे कॉम्प्युटरवालं त्याच्या घरी लावून द्या. माझं नाव घेऊ नका, न्हाईतर हात लावनार न्हाई. लई संशयी हाय त्यो!"

मला हसू आलं होतं, पण काकांचे डोळे भरलेले दिसले.

"अन् वाजवलं त्यानं, तर मला येऊन सांगा," ते म्हणाले. "माझ्यापरीस त्योच चांगला वाजवायचा."